वाचनोत्सव झाला, दुसऱ्या दिवशीचं काय?



या व्याख्यानमालेत आपण बहुतेक वेळा ग्रंथांविषयी बोलत आलो. आज ग्रंथ जिथे ठेवले जातात त्या ठिकाणाविषयी बोलायचं आहे. गावच्या, तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात नवी पुस्तकं येतात, वाचनाचे कार्यक्रम होतात, फोटो निघतात. पण या सगळ्याची समीक्षा होत नाही. पुस्तकाचं परीक्षण येतं, नाटकाचं येतं, सिनेमाचं तर येतंच. वाचनाच्या कार्यक्रमाचं परीक्षण आम्ही तरी फारसं वाचलेलं नाही. कार्यक्रम चांगल्या हेतूने केलेला असतो, मग त्याला नावं कशी ठेवायची, हा संकोच त्यामागे असतो. आमचं म्हणणं असं की चांगल्या हेतूने केलेल्या कामाचीच चिकित्सा जास्त बारकाईने व्हायला हवी, कारण तिथे काही उणं राहिलं तर ते कोणी बोलून दाखवत नाही.

आम्ही हे पालीतून बोलतो आहोत. पाली म्हटलं की लोकांना बल्लाळेश्वराचं पाली आठवतं. ते हे नव्हे. हे राजगडाच्या पायथ्याचं पाली. गडाच्या ज्या दरवाजाला पाली दरवाजा म्हणतात, त्याला ते नाव या गावावरून मिळालं. तालुका वेल्हे, ज्याला आता राजगड तालुका म्हणतात; शेजारी भोर. पावसाळ्यात भाताची खाचरं, आणि एरवी तरुण पोरं कामाला पुण्याकडे. अशा भागातून ग्रंथालयाकडे पाहिलं की काही प्रश्न वेगळे दिसतात. शहरात एका ठिकाणी पुस्तक नाही मिळालं तर दुसरीकडे मिळतं. डोंगरी तालुक्यात जवळच्या ग्रंथालयात पुस्तक नसलं तर त्या माणसापुरतं ते पुस्तक जगातच नसतं. म्हणून तिथे कोणतं पुस्तक येतं, ते कसं येतं आणि आल्यावर त्याचं काय होतं, हे प्रश्न किरकोळ नाहीत.

आधी कार्यक्रमांकडे बघू. वर्षाचं पंचांगच तयार आहे. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन. २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन. १२ ऑगस्टला डॉ. रंगनाथन यांची जयंती. १५ ऑक्टोबर, म्हणजे डॉ. कलाम यांचा जन्मदिवस, हा २०१५ पासून आपल्याकडे 'वाचन प्रेरणा दिन' आहे. जिल्ह्याचा ग्रंथोत्सव असतो. २०२५च्या जानेवारीत पहिला पंधरवडाभर शासनाने 'वाचन संकल्प महाराष्ट्राचा' हा उपक्रम केला. सामूहिक वाचन, वाचन-संवाद, पुस्तक परीक्षण असं त्याचं स्वरूप होतं. पुण्यात २०२३ पासून डिसेंबरमध्ये फर्ग्युसनच्या मैदानावर राष्ट्रीय पुस्तक न्यासाचा पुस्तक महोत्सव भरतो, आणि तिथली गर्दी पाहिली की 'मराठी माणूस वाचत नाही' हे वाक्य किती आळशीपणाने बोललं जातं ते कळतं.

म्हणजे कार्यक्रम होऊ नयेत असं आमचं म्हणणं नाही. एखाद्या वाडीवरच्या मुलीच्या हातात पाठ्यपुस्तकाखेरीजचं पहिलं पुस्तक जर १५ ऑक्टोबरला पडत असेल, तर त्या दिवसाने आपलं काम केलं. पण छोट्या ग्रंथालयातला नेहमीचा कार्यक्रम आठवून बघा. प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं स्वागत, नारळ आणि शाल. टेबलावर पांढरी चादर घालून नवी पुस्तकं मांडलेली. शाळेची मुलं रांगेत बसवलेली. त्यांना अर्धा तास वाचायला सांगतात. वाचनाचं महत्त्व सांगणारी तीन भाषणं होतात, आणि त्या तिन्ही भाषणांत टेबलावरच्या एकाही पुस्तकाचं नाव येत नाही. फोटो निघतात, अहवाल जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तकं लोखंडी कपाटात जातात आणि कपाटाला कुलूप लागतं. आमची टीका त्या कुलपावर आहे, नारळावर नाही.

इथे थोडं तर्कशास्त्र आणतो, कंटाळू नका. न्यायदर्शनात अनुमानाचं ठरलेलं उदाहरण आहे: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. धूर हा हेतू, अग्नी हे साध्य. हेतू खरा केव्हा? साध्य नसेल तिथे तो कधीच सापडत नसेल तेव्हा. सापडत असेल तर त्याला 'सव्यभिचार' म्हणतात. तो खूण म्हणून निरुपयोगी. आता हजेरी घ्या. 'कार्यक्रमाला दोनशे मुलं होती, म्हणून वाचन झालं.' हा हेतू सव्यभिचार आहे, कारण वाचन अजिबात नसतानाही दोनशे मुलं बसवता येतात. 'यंदा तीनशे पुस्तकं खरेदी झाली, म्हणून ग्रंथालय वाढलं.' हाही तसाच. तीनशे पुस्तकं कपाटात जाऊन वीस वर्षं कोरी राहू शकतात. आपण धूर मोजतो आहोत, आणि धूर करण्याची यंत्रं आता भरपूर झाली आहेत.

मग खरी खूण कोणती? ग्रंथालयाच्या भाषेत एक सुंदर शब्द आहे: देवघेव. पुस्तक गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. पुस्तक एकदा गेलं म्हणजे ते वाचलं गेलंच असंही नाही. उशाशी पडून ते तसंच परत येऊ शकतं. पण पहिल्याने परत आणल्यावर दुसऱ्याने तेच मागितलं, तर बहुधा मधे काही बोलणं झालेलं असतं. 'हे वाच' असं कोणीतरी कोणाला म्हटलेलं असतं. म्हणून आम्ही आजच्या पुरती कसोटी अशी धरतो: पुस्तकाला दुसरा वाचक मिळाला का? नव्या पुस्तकाचीही हीच कसोटी आणि वाचनाच्या कार्यक्रमाचीही हीच.

ही कसोटी आमच्या पदरची नाही. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ग्रंथ उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. आणि ग्रंथालय ही वाढती, जिवंत संस्था आहे. हे नियम भिंतीवर फ्रेम करून लावलेले आपण पाहतो. रंगनाथन हे मुळात गणिताचे प्राध्यापक. त्यांनी नियम लिहिले ते लावून पाहण्यासाठी. आपणही लावून पाहू.

पहिला नियम, उपयोग. पुस्तकं कुलपात असतील आणि वाचकाला फक्त यादीवरून क्रमांक सांगून पुस्तक मागता येत असेल, तर कपाटात काय आहे हे त्याला कळणारच नाही. यादीत नाव आधीच ठाऊक असलेलं पुस्तकच सापडतं. ठाऊक नसलेलं पुस्तक सापडायला कपाटापुढे उभं राहावं लागतं, दोन पुस्तकं काढून तिसरं चाळावं लागतं. रंगनाथन यांनी खुल्या मांडणीचा आग्रह याचसाठी धरला. 'पुस्तकं जातील हो' अशी आपल्याकडची भीती. काही जातीलही. पण चोरीला गेलेलं पुस्तक निदान कोणाच्या तरी घरी असतं. कुलपात राहिलेलं पुस्तक कोणाच्याच घरी नसतं. भोरपासून डोंगर ओलांडून फार लांब नसलेल्या भिलारचं उदाहरण घ्या. ४ मे २०१७ रोजी ते 'पुस्तकांचं गाव' झालं. तिथे घरांतून, लॉजमधून, शाळेतून, देवळातून पुस्तकं मांडली गेली, आणि कोणीही आत जाऊन हात लावावा अशी सोय झाली. त्या योजनेत पर्यटनाचा भाग किती आणि गावच्या वाचनाचा किती, हा वाद होऊ शकतो. पण पुस्तकं उघड्यावर ठेवता येतात एवढं तर त्या गावाने दाखवून दिलं.

चौथा नियम, वेळ. लावणीच्या दिवसांत बाई सकाळी चिखलात उतरते ती दिवस मावळताना वर येते. तिच्या गावचं ग्रंथालय सकाळी दहा ते एक उघडं असेल तर ते तिच्यासाठी नाही. महिला दिनाला तिचा सत्कार करण्यापेक्षा वेळेची पाटी बदलली तर तो मोठा वाचन-उपक्रम होईल. त्याला पैसेही लागत नाहीत.

आता नव्या पुस्तकांकडे येऊ. ती येतात कशी? महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७चा. त्याच्याही आधी, १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने असा कायदा केला होता, हे आपल्याला भूषणच आहे. १९४८च्या मद्रासच्या कायद्याने लोकांवर ग्रंथालय-कर बसवला. आपल्या कायद्याने तसा कर घेतला नाही. आपल्याकडे ग्रंथालय चालवते स्थानिक संस्था. शासन तिला मान्यता देतं, अ, ब, क, ड असा वर्ग देतं आणि वर्गाप्रमाणे अनुदान देतं. या पद्धतीचं मोठं श्रेय असं की हजारो ग्रंथालयं लोकांनी आपणहून उभी केली. दोष असा की अनुदान हप्त्याने येतं, पुष्कळदा उशिरा येतं, आणि मग वर्षअखेर हिशेब पुरा करण्यासाठी खरेदीची घाई होते. घाईत पुस्तक कोण निवडतो? ज्याच्याकडे गठ्ठा तयार आहे आणि जो सवलत जास्त देतो तो. शासनमान्य ग्रंथांची यादी असते, कोलकात्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून मिळणारी पुस्तकं असतात. त्यांत चांगली पुस्तकं असतातच. पण ती निवडणाऱ्याने आपल्या गावचा वाचक पाहिलेला नसतो. दुसरा नियम म्हणतो की प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. इथे ग्रंथ आधी ठरतो आणि वाचक मागाहून शोधावा लागतो.

शिवाय 'नवं' म्हणजे काय? यंदा छापलेलं पुस्तक नवं, हा प्रकाशकाचा अर्थ झाला. ग्रंथालयाचा अर्थ वेगळा असला पाहिजे. ज्या वाचकाने जे वाचलेलं नाही ते त्याला नवं. ताराबाई शिंद्यांची 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ची आहे. आमच्या ओळखीच्या एका कॉलेजातल्या मुलीने ती परवा प्रथम वाचली आणि आठवडाभर तिला दुसरं काही सुचेना. तिच्यापुरतं ते त्या वर्षातलं सगळ्यात नवं पुस्तक होतं. 'नवीन दाखल पुस्तकं' अशी फळी प्रत्येक ग्रंथालयात असते. तिच्या शेजारी 'दहा वर्षांत कोणी न नेलेली पुस्तकं' अशी फळी लावून बघा. देवघेवीच्या नोंदीतून ती एका दुपारी तयार होईल, आणि आमचा अंदाज आहे की लोक आधी तिच्याकडेच वळतील. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, हा तिसरा नियम याच पुस्तकांसाठी आहे.

आता जरा अलीकडची गोष्ट घेऊ, म्हणजे हे सगळं हवेत राहणार नाही. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी 'छावा' हा हिंदी चित्रपट आला. शिवाजी सावंत यांची त्याच नावाची कादंबरी १९७९ची. चित्रपटगृहांतून लोक रडत बाहेर पडले, आणि पुष्कळांनी पुस्तक मागितलं. ज्यांनी पाठ्यपुस्तकापलीकडे काही वाचलं नव्हतं अशी मुलंही त्यांत होती. हा खरा वाचन-कार्यक्रम होता आणि तो कोणत्याही समितीने आखलेला नव्हता. आमच्या या भागाला तर ती गोष्ट घरचीच. संभाजी महाराजांच्या आई, सईबाई, १६५९ मध्ये राजगडावरच गेल्या. त्या लहान मुलाला दूध पाजणारी धाराऊ भोर तालुक्यातल्या कापूरहोळची. म्हणजे ज्या गडाकडे रोज नजर जाते, ज्या फाट्यावर एसटीची वाट बघतो, तिथलीच ही माणसं.

अशा वेळी ग्रंथालयाने काय करायचं? पहिला मार्ग सोपा: 'छावा'च्या पाच प्रती जास्त घ्यायच्या. घ्याव्यात, मागणी आहे तिथे पुरवठा हवा. पण तेवढ्यावर थांबलं तर ग्रंथालय आणि पुस्तकाचं दुकान यांत फरक काय राहिला? कादंबरी ही कादंबरी असते. लेखकाने मन ओतून कल्पनेने उभं केलेलं ते रूप. ते वाचून भारावलेला मुलगा पुस्तक परत करायला येतो, तो क्षण महत्त्वाचा. 'हे सगळं खरंच असं घडलं का?' असा प्रश्न त्याच्या मनात असतो, तो विचारो वा न विचारो. त्या क्षणी ग्रंथपालाच्या हाताशी वा. सी. बेंद्रे यांचं संभाजी महाराजांचं १९६०चं चरित्र असायला हवं. बखरींनी आणि नाटकांनी वर्षानुवर्षं रंगवलेलं बदफैली राजपुत्राचं चित्र बेंद्र्यांनी कागदपत्रांच्या आधारे तपासून बाजूला केलं. त्यासाठी त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं दिली. कमल गोखले यांचं 'शिवपुत्र संभाजी' १९७१चं. तेही शेजारी असावं. आणि ज्यांनी ते जुनं चित्र रंगवलं तीही पुस्तकं असावीत: गडकऱ्यांचं अपुरं राहिलेलं 'राजसंन्यास' असावं, वडील आणि मुलगा यांचा ताण दाखवणारं कानेटकरांचं 'रायगडाला जेव्हा जाग येते' असावं. अशी पाच पुस्तकं एका फळीवर. वर नुसती चिठ्ठी: 'छावा आवडली? मग हीही बघा.'

आता यात एवढं काय, असं कोणी म्हणेल. सांगतो. ३ जानेवारी २०१७च्या पहाटे पुण्याच्या संभाजी उद्यानातून राम गणेश गडकरी यांचा पुतळा उखडून नदीत टाकण्यात आला. कारण सांगितलं गेलं ते 'राजसंन्यास'मधल्या चित्रणाचं. त्याच्याही आधी, ५ जानेवारी २००४ रोजी एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकावरून भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात मोडतोड झाली; जुन्या पोथ्या आणि पुस्तकं जिथे जपून ठेवली होती तिथे. राग खरा होता का, त्या चित्रणात दुखावणारं काही होतं का, हे प्रश्न विचारायचेच. 'राजसंन्यास'मधलं चित्रण इतिहासाला धरून नाही हे बेंद्र्यांच्या ग्रंथावरून सिद्ध करता येतं, आणि ते सिद्ध करायला पुतळा पाडावा लागत नाही. पण त्यासाठी दोन्ही पुस्तकं हाताशी लागतात. दोन्ही वेळी राज्यभर जो वाद पेटला, त्यात बोलणाऱ्या किती जणांनी संबंधित पुस्तक उघडलं होतं? न वाचलेल्या पुस्तकांवर आपण एकमेकांची डोकी फोडायला निघतो, ही आपली खरी अडचण आहे. गावच्या ग्रंथालयात कोणतं पुस्तक कोणाशेजारी आहे हा प्रश्न म्हणूनच आम्हाला गंभीर वाटतो.

प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादात सॉक्रेटिस लेखनाविरुद्ध एक तक्रार करतो. त्याचा आशय असा: लिहिलेल्या शब्दाला प्रश्न विचारला तर तो उत्तर देत नाही, कितीही वेळा विचारा, तेच ते पुन्हा सांगतो. तक्रार अगदी खरी आहे. एकटं पुस्तक उत्तर देत नाहीच. पण त्याच्या शेजारी त्याला विरोध करणारं दुसरं पुस्तक ठेवलं की वाचकाच्या मनात ती दोन पुस्तकं एकमेकांशी बोलू लागतात. आपल्या परंपरेत यालाच पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष म्हणतात. प्रतिपक्षाचं म्हणणं आधी नीट मांडायचं, त्याला पटेल अशा शब्दांत मांडायचं, मग उत्तर द्यायचं. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांचा 'सर्वदर्शनसंग्रह' घ्या. ते स्वतः वेदान्ती. पण ग्रंथाची सुरुवात त्यांनी चार्वाकापासून केली. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ बहुतेक नष्ट झाले. त्यांचं म्हणणं आज आपल्याला कळतं ते मुख्यतः विरोधकांनी पूर्वपक्ष म्हणून सांभाळल्यामुळे. ग्रंथालय म्हणजे दुसरं काय? आपल्याला न पटणारं म्हणणंही जिथे सांभाळून ठेवलेलं असतं ती जागा. गावात देऊळ असतं, चावडी असते, पक्षाची कार्यालयं असतात. दोन विरोधी मतं एका फळीवर शांतपणे उभी राहतील अशी जागा ग्रंथालयाखेरीज दुसरी आम्हाला तरी दिसत नाही.

दोन आक्षेप येतील, त्यांना उत्तर देऊन पुढे जाऊ.

पहिला आक्षेप: आता सगळं मोबाइलवर आहे, ग्रंथालयाची गरज काय? मोबाइलवर पुष्कळ आहे, आणि चांगलंही आहे. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला मराठी विश्वकोश आज फोनवर फुकट वाचता येतो. ही लहान गोष्ट नाही. पण फोन आपल्याला आवडलेलं पुन्हा पुन्हा दाखवतो. 'छावा'चा व्हिडिओ पाहिला की तो तसलेच आणखी दहा दाखवेल. बेंद्रे दाखवणार नाही. तिथे पूर्वपक्षच आपल्यापर्यंत येत नाही. फोनला माणूस लागत नाही, पण 'तुला हे आवडलं ना, मग आता याच्या उलट काय म्हणतात तेही वाच' असं सांगायला माणूस लागतो. तो माणूस म्हणजे ग्रंथपाल. आणि छोट्या ग्रंथालयातल्या सेवकाला महिन्याला हाती पडणारी रक्कम भातलावणीच्या मजुरीशी ताडून पाहिली, तर आपण त्याच्याकडून एवढी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची, असा प्रश्न पडतो. उत्सवाचा मंडप आणि सेवकाचा पगार यांत निवड करायची वेळ आली तर आमचं मत पगाराला आहे. हे स्पष्ट बोललेलं बरं.

दुसरा आक्षेप: मुलं येतात ती अभ्यासिकेत, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन, बाकी वाचायला त्यांना वेळ कुठे? खरं आहे. पण त्यांना वाचक मानायचंच नाही, हा आपला तोरा झाला. जो मुलगा रोज आठ तास त्या खोलीत बसतो, तो ग्रंथालयाचा सगळ्यात निष्ठावंत सभासद आहे. त्याच्या टेबलापासून चार पावलांवर १८८३चा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' उघड्या फळीवर असेल, तर चहाच्या सुट्टीत तो दहा पानं चाळेल. परीक्षेत त्यावर प्रश्न येतो म्हणून उघडेल आणि आपल्या आजोबांची गोष्ट सापडली म्हणून पुढे वाचेल. कपाटाला कुलूप असेल तर तो फक्त प्रश्नसंच सोडवेल. दोष त्याला द्यायचा की कुलपाला?

मग करायचं काय? मोठ्या योजना आम्ही सुचवत नाही. तीन साध्या गोष्टी सांगतो.

एक. वाचनाच्या कार्यक्रमाचा अहवाल त्याच दिवशी लिहू नये. तीन महिन्यांनी लिहावा. त्या दिवशी मांडलेल्या पुस्तकांपैकी किती घरी गेली, आणि किती पुस्तकांना दुसरा वाचक मिळाला, एवढे दोनच आकडे द्यावेत. पाहुण्यांची नावं दिली नाहीत तरी चालेल.

दोन. भाषण वाचनाच्या महत्त्वावर नको, एका पुस्तकावर हवं. गावातल्याच कोणीतरी, शिक्षकाने, अंगणवाडीच्या ताईने, निवृत्त फौजीने उभं राहून 'मी हे वाचलं आणि मला हे पटलं नाही' असं दहा मिनिटं सांगावं. पुस्तक तिथेच टेबलावर असावं आणि तिथेच नोंद करून पुढच्याला देता यावं.

तीन. जिथे ग्रंथालय नाही तिथे पुस्तकांनी चालत जावं. हे नवं नाही. सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९१० मध्ये बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं आणि संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणलं. त्यातली फिरती ग्रंथालयं म्हणजे लाकडी पेट्या: गावाला पेटी जायची, वाचून झाली की परत यायची, पुढच्या गावाला जायची. शंभर वर्षांनी, २००९ मध्ये, नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना सुरू केली, तीही पेट्यांचीच. शंभर पुस्तकांची पेटी एका वाचकगटाकडे, काही महिन्यांनी अदलाबदल. पेटीचा गुण असा की तिला कुलपाचा फारसा उपयोग नसतो, ती उघडण्यासाठीच आलेली असते. आणि दुसरा वाचक तिच्या रचनेतच धरलेला असतो. तालुक्याच्या ग्रंथालयातून गडाच्या पायथ्याच्या वाड्यांवर दर दोन महिन्यांनी एक पेटी फिरली, तिच्यात वर सांगितलेली ती पाच पुस्तकं असली, तर शनिवार-रविवारी गड चढायला येणाऱ्या मंडळींनाही गावचा मुलगा काही सांगू शकेल. आज तेच त्याला फोनवर पाहिलेलं सांगतात.

'गाव तेथे ग्रंथालय' ही घोषणा चांगली आहे, पण ग्रंथालय म्हणजे खोली, पाटी आणि कपाट असा तिचा अर्थ झाला तर ती घोषणा पुरी होऊनही वाचन होणार नाही. रंगनाथन यांचा पाचवा नियम ग्रंथालयाला जिवंत म्हणतो. जिवंत गोष्टीची वाढ वजनाने मोजत नाहीत. श्वास चालू आहे का ते आधी पाहतात. ग्रंथालयाचा श्वास देवघेव.

तेव्हा ऐकणाऱ्यांना एकच विनंती. या आठवड्यात आपल्या जवळच्या ग्रंथालयात जा. नवीन पुस्तकांच्या फळीवरचं एखादं पुस्तक काढा आणि मागचं तारखांचं पान बघा. ते कोरं असेल तर घेऊन या, वाचा, आणि परत करताना कोणाला तरी बरोबर न्या. काय आढळलं ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी प्रश्नोत्तरांत त्यावर बोलू.

इथे थांबतो.